घर की गव्हाणी

४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेलं पुडकं मिळालं. उघडलं मीच, तुझ्या भाचीने हातसुद्धा लावला नाही. डॉक्टरांनी आता स्पष्टच सांगितलंय की गेलेली नजर परत यायची नाही. तेव्हापासून ती खिडकीशी खुर्ची ओढून बसून असते. छापखान्यातल्या तिच्या बरोबरीच्या मुली भेटायला आल्या, तर झोपेचं सोंग घेतलं. अरे, वर्तमानपत्रात एखादी वेलांटी चुकली तरी जिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, लग्नपत्रिकासुद्धा जी लाल पेन घेऊन वाचायची, तिला मी काय समजावू? तुझे ते टिंबांचे कागद मांडीवर ठेवले तर म्हणाली, माझं काम अक्षरांचं होतं, खडबडीत पुठ्ठ्यांचं नाही.

तू तिचा लाडका मामा. तूच काहीतरी लिही, मी वाचून दाखवेन. मी बोलायला लागले की ती गप्प होते, आणि ती गप्प झाली की मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते.

प्रकृतीला जप. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई


१५ जून

चि. काटेकोरबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणालीस की हे पुठ्ठे आहेत, अक्षरं नाहीत. तुझा मामा बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, पण इतका अपमान अजून कुणी केला नव्हता. रोज सकाळी मी यंत्रावर जस्ताच्या पत्र्यात टिंबं ठोकतो, त्या पत्र्यांवरून कागद उठतात आणि दृष्टी नसलेले लोक ते बोटांनी वाचतात. एका अक्षराला जास्तीत जास्त सहा टिंबं. तुला लहानपणी मुळाक्षरं मीच शिकवली होती. तेव्हाही तू पाटी फेकली होतीस आणि मग स्वतःच जाऊन उचलून आणली होतीस.

सध्या आमच्याकडे चारही शुभवर्तमानांची, म्हणजे ख्रिस्ताच्या चरित्रांची, छपाई चालू आहे, म्हणून सोबत लूकची सुरुवातीची पानं पाठवतोय. त्याच्या जन्माची गोष्ट तुला रविवारच्या शाळेपासून पाठ आहे, त्यामुळे शब्द ओळखायला सोपं जाईल. उजव्या हाताचं पहिलं बोट हलकंच फिरव. दाबलंस की टिंबं मुकी होतात. चिडलीस तरी चालेल, मात्र कागद फाडू नकोस. जाड कागद फार महाग झालाय.

ताईला नमस्कार. मामावर राग असला तरी थोडी माया शिल्लक ठेव.

तुझा मामा


२२ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी सांगतेय आणि आई लिहितेय. (लिहिता लिहिता माझा हात मोडला. इतकं भराभर बोलते आहे.)

लूकची पानं वाचून झाली. तू मागाहून पाठवलेली मत्तयचीही संपली. एका पानाला आधी अख्खी सकाळ जायची, आता तितका वेळ लागत नाही. पण मामा, तुमच्या छापखान्यात कुणीतरी मोठा घोळ घातलाय! लूकमध्ये योसेफ आणि मरिया राहतात नासरेथला. नावनोंदणीसाठी बेथलेहेमला जातात, उतारशाळेत जागा मिळत नाही, म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवतात. मेंढपाळ येऊन जातात. पुढे देवळातले विधी आटोपून सगळे आपल्या गावी परततात. आणि मत्तयमध्ये? नावनोंदणी नाही, प्रवास नाही, गव्हाणी नाही. बाळ बेथलेहेमात जन्मतं, आणि ताऱ्यामागून आलेले ज्ञानी लोक चक्क घरात शिरतात. मग बाळाला मारू पाहणाऱ्या राजाच्या भीतीने सगळे मिसर देशात पळतात, आणि परत येताना, धोका टाळायचा म्हणून, नासरेथ नावाच्या गावी जाऊन राहतात. नासरेथ जणू त्यांनी आधी पाहिलंच नव्हतं!

डोळे होते तेव्हा हे मी कितीदा वाचलं असेल. एकदाही खटकलं नाही. डोळा पुढे पळतो आणि मनातलं चित्र भरून टाकतो, तबेल्यात मेंढपाळ आणि ज्ञानी लोक शेजारी शेजारी उभे. बोटाला तसं पळता येत नाही. माझ्या टेबलावर हे मुद्रित आलं असतं तर मी समासात लाल खूण करून लेखकाला परत पाठवलं असतं. मूळ प्रत तपासून कळव.
(परवा चर्चचे पाळक भेटायला आले होते. त्यांना चहासुद्धा पिऊ दिला नाही, हाच वाद. पण धाकट्या, ते गेल्यावर ती हसली.)

उत्तराची वाट बघायला लावू नकोस.

तुझी भाची


३ सप्टेंबर

चि. काटेकोरबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मूळ प्रत समोर घेऊन ओळ न् ओळ लावून पाहिली. तू सांगितलेला घोळ आमचा नाही. तो जवळजवळ दोन हजार वर्षं तसाच चालत आलाय.

काही अभ्यासक दोन्ही हकिकती एकापुढे एक बसवतात. आधी गव्हाणी, मग काही काळाने घर, मग मिसर. बाकीच्यांना ती ओढाताण वाटते. त्यांच्या मते दोघा लेखकांच्या हाती वेगवेगळ्या आठवणी आल्या. काही तर असंही म्हणतात की ख्रिस्त नासरेथचाच असावा, आणि भाकितातल्या दाविद राजाच्या गावाशी नातं दिसावं म्हणून गोष्टीत बेथलेहेम आलं. मी टिंबं ठोकणारा माणूस, निवाडा करणारा मी कोण? एवढं मात्र तुझ्याच धंद्यातलं सांगतो. दोन लेखकांची दोन पुस्तकं असतील, तर एकाचं पाहून दुसऱ्याचं दुरुस्त करायचा हक्क मुद्रितशोधकाला नसतो. हे तूच मला एकदा तावातावाने सांगितलं होतंस.

सोबत मार्क आणि योहान पाठवतोय. मार्कमध्ये जन्म सापडला तर मला कळव. योहानमध्ये जमावाचं भांडण आहे, ते शोध.

ताई, इथून पुढचं तुझ्यापुरतं, मोठ्याने वाचू नकोस. आमच्याकडची बोटांनी मुद्रितं वाचणारी बाई निवृत्त झाली. जागा रिकामी आहे. मी कुणाकडे शब्द टाकलेला नाही. आधी तू हो म्हण.

दोघींची आठवण काढत असतो. तुम्हीही काढत जा.

तुझा मामा


११ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाही म्हणजे नाही. तुझ्या शहरात ती रस्ता कशी ओलांडणार? दुधाचं पातेलं उतू गेलं तर कोण धावणार? इथे मी आहे. निदान माझ्या नजरेसमोर तरी आहे. तुझा हेतू चांगला आहे हे कळतं रे, पण पुन्हा हा विषय काढू नकोस. तिला तर मुळीच सांगू नकोस.

रागावले असले तरी बहीणच आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी ताई


२ ऑक्टोबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र आई लिहीत नाहीये. तू पाठवलेल्या खाचांच्या पाटीत जाड कागद अडकवून मी टोच्याने टिंबं पाडतेय. उजवीकडून डावीकडे, सगळी अक्षरं उलटी, कारण वाचायचं ते कागद पालटून. त्यामुळे शुद्धलेखनावर बोलायचं नाही.

मार्कमध्ये जन्म नाही. तिथे ख्रिस्त थेट मोठा होऊनच येतो, नासरेथहून. योहानातलं भांडण सापडलं. येणारा ख्रिस्त बेथलेहेमचा असायला हवा, हा तर गालीलचा, म्हणजे नासरेथकडचा, असं म्हणून लोक आपापसांत फुटतात. आणि योहान त्यांच्यात पडून खरं काय ते सांगतच नाही! मी ती ओळ पुन्हा पुन्हा चाचपली. पुढचं पान तर गळालं नाही ना, असं वाटत राहिलं.

दोन्ही हकिकती जुळतात असं मला अजूनही वाटत नाही. आईशी यावर खूप बोलले. मला लूकची मरिया जवळची वाटते. परक्या गावात तिला जागा मिळत नाही, आणि आहे त्या जागेत ती बाळाला निजवते. आईला मत्तयची आवडते. आई म्हणाली, मुलावर संकट आलं तेव्हा त्यांनी भरलं घर सोडलं आणि त्याला घेऊन निघाले, असंच करायला हवं. एवढं बोलली आणि उठून उगाच भांडी आवरायला लागली. मग मी विचारलं, तुझ्या पत्रातला कुठला भाग तिने गाळला होता. गाळताना ती घसा खाकरते. बराच वेळ टाळाटाळ केली आणि शेवटी वाचून दाखवलं.

भांडण झालं. भांडी आपटली. जेवणं झाली नाहीत. दुसऱ्या दिवशी मी एकटी जिना उतरून कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घेऊन आले. आई मागून चोरपावलांनी येत होती, चपलांच्या आवाजावरून कळत होतं, पण तिने मध्ये हात घातला नाही. घरी आल्यावर म्हणाली, आधी महिनाभर जाऊन बघ.

तर मामा, मी येतेय. लाडकी भाची म्हणून घेऊ नकोस, परीक्षा घे. त्याआधी एक चूक कळवते, आणि ही तुमचीच आहे. मत्तयच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ‘नासरेथ’मधल्या ‘न’चं पाचवं टिंब उठलेलं नाही, त्यामुळे त्याचा ‘म’ झालाय. एवढा लांबचा प्रवास करवून तुम्ही त्या बिचाऱ्यांना ‘मासरेथ’ला नेऊन सोडलंय. पत्रा दुरुस्त करून घे.

आईला हे पत्र वाचता येत नाही. मघाशी येऊन कागदावरून हळूच बोट फिरवून गेली. काय लिहिलंय विचारत होती. मी म्हटलं, तुझ्या तक्रारी. तर म्हणाली, मग मलाही हे शिकव. तिला शाईने एक पत्र लिही, तिच्या एकटीच्या नावाने. मी येणार म्हणून नाही, ती एकटी राहणार म्हणून. ती आधी रडेल आणि मग माझी बॅग भरायला घेईल.

तुझा लोभ आहेच, तो आता थोडा तिच्याकडेही वळव.

तुझी काटेकोर