उलटून शिवलेला कोट

ताई,

आधी नमस्कार, मग बाकीचं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझा गुडघा कसा आहे? आईला जिना चढू देत नाहीस ना?

लेकीच्या कोटाचं मागे लिहिलंच होतं. जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणून मी तो सगळा उसवला, कापड उलटं केलं आणि तू शिकवलीस तशी कॉलर बसवली. नवाकोरा दिसत होता. अस्तर तेवढं जुनंच ठेवलं.

अस्तरावरच्या शाईच्या डागावरून वर्गातल्या एका मुलीने तो ओळखला. तिचाच होता. पोर चांगली आहे, हसलीबिसली नाही. म्हणाली, "राहू दे तुला, मला तो कधी आवडलाच नव्हता."

लेकीने घरी येऊन कोट माझ्या मांडीवर ठेवला. "आई, मला नवा नको. फक्त तू माझ्यासाठी काही शिवू नकोस."

मी तो दुकानात परत देऊन आले. त्यांनी दर्शनी काचेत लावला. परवा माझ्यासमोरच एका बाईने मुलीसाठी घेतला, आणि ती मुलगी तिथूनच अंगात घालून निघाली. खांद्यावर अगदी मापात बसला होता. मी अर्धा रस्ता तिच्या मागे चालत गेले.

लेक स्वेटरवर शाळेत जाते. खोकला आहे, पण किरकोळ.

आईला हे वाचून दाखवू नकोस. कोट छान झाला, एवढंच सांग. ते काही खोटं नाही.

तुझी,
धाकटी