पेट्रोलचा ब्रेकर कोणालाही देऊ नये

मी, संयोगिता भाऊसाहेब इंगवले, वय चौसष्ट, अविवाहित, धंदा जमीन मोजणी, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचे काय करावे ते या कागदाने ठरवून ठेवत आहे. माझे शरीर आता औषधाला दाद देत नाही, पण डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. अंतरा शिरगावकर यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही. उलट गेली काही वर्षे मीच एका माणसाला समजावते आहे आणि तो ऐकत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझा एकुलता एक धाकटा भाऊ आकाराम वारला. त्याच्यामागे पत्नी वर्षाराणी, मुलगा ऋतुराज आणि मुलगी स्वप्नाली आहेत. त्यांच्याखेरीज मला कोणी नाही.

२. मंगळवार पेठेतील राहते घर मी स्वकष्टाने घेतले आहे. ते ऋतुराज व स्वप्नाली यांना निम्मे निम्मे द्यावे. वर्षाराणीला तिच्या हयातीपर्यंत माडीवर राहण्याचा हक्क राहील. तिने तो घ्यावा अशी इच्छा आहे. ती घेईल असे वाटत नाही.

३. बँकेतील ठेवी व शिल्लक स्वप्नालीला द्यावी. ती नेसरीच्या शाळेत शिकवते. दर रविवारी फोन करते आणि मोजणीबद्दल चुकूनही विचारत नाही. तिचे मला बरोबर वाटते.

४. ऑफिसमधील टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीची दुर्बीण, तसेच तिवया, टेप, पहारी व कॉम्प्युटर ऋतुराजला द्यावेत. तो हाच धंदा करतो आणि चांगला करतो.

५. कोठीतील पेट्रोलवर चालणारा ब्रेकर, म्हणजे दगड फोडण्याचा यांत्रिक हातोडा, कोणालाही देऊ नये. विकू नये, दानही करू नये. शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीत नेऊन डोळ्यांदेखत वितळवून घ्यावा. कारण लिहून ठेवते, म्हणजे म्हातारीचा हट्ट म्हणून कोणी हे कलम बाजूला ठेवणार नाही.

जमिनीच्या वादात जुना हद्दीचा दगड सापडला की निम्मे भांडण मिटते. हे दगड कधी भराव टाकताना गाडले जातात. ते खोदून काढण्याचे काम आम्ही भावंडे करत होतो. जागा मी काढायची, खोदायचे आकारामने. पुढे आजऱ्याकडच्या डोंगरउतारावरची कामे येऊ लागली. तिथल्या जांभ्या खडकावर पहार नुसती उडते. म्हणून आम्ही उद्यमनगरात यंत्र बघायला गेलो.

दुकानदाराने तीन प्रकार दाखवले. एक ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरवर चालणारा. ट्रॅक्टर त्या शेतांत चढणार नाही म्हणून तो बाद झाला. दुसरा विजेवरचा, पण तिथे वीज नाही, म्हणजे सोबत जनरेटर आला. तिसरा हा, पेट्रोलचा.

“आक्का, ह्योच घेऊया. वायर न्हाय, जनरेटर न्हाय. खांद्यावर टाकला की चाललो,” आकाराम म्हणाला.

“इंजिन तुझ्या छातीपुढं राहणार. खड्ड्यात उतरल्यावर धूर कुठं जाणार?”

“वर जाईल की. धूर कधी खाली बसतोय व्हय?”

दुकानदार म्हणाला, “बाई, रस्त्याच्या कामाला सगळे ह्योच नेत्यात.”

“रस्ता उघडा असतोय. आमचं काम खड्ड्यातलं हाय. जनरेटर खड्ड्यापासनं लांब ठेवता येतोय.”

“आणि त्यो डोंगरावर कोण न्हेणार? तू?” आकाराम हसत म्हणाला.

जनरेटर न्यायला दुसरा गडी लागला असता आणि गडी मिळत नव्हता. ओझे त्याच्या खांद्यावर येणार होते, म्हणून निवडही त्याचीच झाली. बिल मात्र माझ्या नावावर केले, त्यामुळे या यंत्राची विल्हेवाट लावण्याचा अधिकार माझा आहे.

ब्रेकर उत्तम चालला. आकाराम त्याला लेकरासारखा पुसून ठेवायचा. २०१९ च्या पावसाळ्याअखेर आजऱ्याजवळ एका काजूच्या बागेत दोन चुलत भावांच्या हद्दीचे काम होते. भराव खोल निघाला. खड्डा आकारामच्या डोक्याच्या वर गेला तरी दगड लागेना. भुरभुर सुरू झाली, तेव्हा मालकाच्या माणसांनी खड्ड्यात पाणी नको म्हणून वर ताडपत्री ताणली. कोणाच्या मनात वाईट नव्हते. मी वरच्या बांधावर छत्रीखाली टोटल स्टेशन लावून होते. ठोके थांबले आणि इंजिन नुसते गुरगुरत राहिले. मी हाक मारली. मालकाने ताडपत्रीचा कोपरा उचलून आत बघितले आणि मला म्हणाला, “पावणं बसल्यात. दमलं असतील.”

आकाराम कामात कधी बसत नसे. मी धावत खाली आले. तो भिंतीला टेकून, मान छातीवर टाकून बसला होता, पायाशी ब्रेकर चालू होता. ताडपत्री ओढून काढली. इंजिन बंद करायला उतरलेल्या मालकाच्या गड्यालाही गरगरले, त्यालाही हात धरून वर घ्यावे लागले. दोर लावून आकारामला काढला. त्याचा चेहरा लालसर होता, हात गरम होते. मी त्याला हलवत राहिले. आजऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले की त्या धुरात एक विषारी वायू असतो, त्याला वास नसतो, माणसाला नुसती झोप येते.

दगड सापडला नाही. पुढच्या वर्षी त्या चुलतभावांनी आपसात बोलून बांध घातला. दगडाची गरजच पडली नाही.

६. माझ्या आईच्या पाटल्या व मोहनमाळ वर्षाराणीला द्यावी. दिवसकार्याला ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, “वन्सं, तुम्ही वर छत्रीत होता. त्ये खाली हुते.” तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. मी तिला क्षमा केलेली नाही. तसे इथे लिहिले तर ते खोटे होईल, आणि खोट्या कागदावर मी आजवर सही केलेली नाही. पण पाटल्या तिच्याच आहेत. आईने तिचे नाव घेतले होते.

७. ऋतुराजने शिक्षण संपवून ऑफिस हातात घेतले आणि पहिल्याच कामाला तोच ब्रेकर बाहेर काढला. मी आडवी गेले, मोडीत काढ म्हणाले.

“आत्ती, ह्यो बाबांचा हाय,” तो म्हणाला. “विकला तर त्यांची शेवटची वस्तू गेली.”

“वस्तू ठेव की. खड्ड्यात उतरवू नको.”

“मी ताडपत्री टाकत न्हाय. आणि मधनंमधनं वर येतोय.”

मी त्याला विजेवरचा ब्रेकर, जनरेटर आणि लांब वायर घेऊन दिली. तो संच कोठीत तसाच आहे. जनरेटर चढवायला दोघे लागतात आणि दुसरा गडी त्यालाही मिळत नाही. मी कोठीला कुलूप घातले, त्याने ते किल्लीवाल्याकडून उघडून घेतले. त्याच्या आईला निरोप पाठवला, उत्तर आले नाही. तो वाईट मुलगा नाही. माझे पथ्यपाणी, दवाखाना, सगळे तोच करतो. फक्त एवढे ऐकत नाही.

म्हणून माझी अशी इच्छा होती, की ऋतुराजने खड्ड्यात पेट्रोलचे यंत्र वापरले तर घराचा त्याचा हिस्सा रद्द व्हावा. माझ्या वकील मैथिली सरनोबत यांनी स्पष्ट सांगितले, “ताई, हे टिकणार नाही. आजऱ्याच्या डोंगरात तो काय वापरतो हे बघायला कोण जाणार? आणि हा वितळवला तरी तो बाजारातून दुसरा आणेल.” त्यांचे बरोबर आहे. अट काढून टाकली. कलम पाच तेवढे राहू दिले. विजेवरचा संच ऋतुराजला द्यावा.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मैथिली सरनोबत यांनी करावी. यादी करण्यासाठी त्यांनी आज कोठी उघडून पाहिली. विजेवरचा संच जागेवर आहे. पेट्रोलचा ब्रेकर नाही. ऋतुराज पहाटेच आजऱ्याकडे कामाला गेला आहे. आम्ही फोन लावला. लागत नाही. त्या भागात रेंज नसते.

९. ऋतुराज माझ्या आधी मयत झाल्यास त्याचा हिस्सा स्वप्नालीला जावा. हे कलम मैथिली सरनोबत यांनी घातले आहे. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, सगळ्याच मृत्युपत्रांत असते. मला डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचीही खात्री दिलेली नाही, आणि तो तिशीच्या आतला आहे. कलम खोडावे म्हणून मी पेन हातात घेतले होते. खोडले नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. साक्षीदारांदेखत मी सही केली व माझ्यादेखत त्यांनी केली.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५

सही: संयोगिता भाऊसाहेब इंगवले

साक्षीदार:
१. अभिराम दत्तात्रय देशिंगकर, निवृत्त शिक्षक, शेजारी, मंगळवार पेठ
२. डॉ. अंतरा शिरगावकर, राजारामपुरी