रुमालाखालचं ‘टेक’

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज तुमच्याशी कागदावर बोलायला बसलोय, कारण घरात मला बोलता येत नाही. परदेशातली लेक पोरीला घेऊन आली आहे. नात पाच वर्षांची. तिला ना मराठी येते ना आपली अहिराणी, आणि माझ्याकडे तुम्ही शिकवलेलं एकच इंग्रजी क्रियापद शिल्लक आहे. टेक. केळं सोलून देतो, म्हणतो टेक. पाणी देतो, टेक. ती घेते, थँक्यू म्हणते आणि आईकडे पळते. बायको आतून टोमणा मारते, “नात उनी शे, आन तुम्हीन मुका बठी ऱ्हायनात!” उद्या पहाटे त्या निघतील. मला सारखं वाटतं, हिला आजोबा म्हणजे केळं देणारा म्हातारा एवढंच आठवेल. तेवढं तरी आठवेल का?

सारंगखेड्याची ती यात्रा आठवते. बाप घोड्यांचा दलाल, मी त्याच्याजवळ उभा, आणि तुम्ही शाळा सुटल्यावर गर्दीतून येताय. बाप म्हणतो, “मास्तर, पोऱ्याले इंग्रजी कसाले शिकाडतस? घोडाले समजस का?” तुम्ही हसता. “घोड्याला नाही, पण घोडा घेणाऱ्याला समजेल.” समोर सौदा चाललेला असतो. दोन माणसं, हातांवर रुमाल, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतोय आणि बघणाऱ्यांना काही कळत नाही. वर्गात मी टेकपाशी अडलो होतो. औषध घेणं टेक, फोटो काढणं टेक, वेळ लागणं टेक, सोबत नेणं टेक, विमान उडालं तरी टेक ऑफ. तुम्ही त्या रुमालाकडे बोट दाखवलंत. “बोट तेच आहे. पण पुढं शिंगरू उभं असेल तर त्याचा भाव वेगळा, जातिवंत घोडी असेल तर वेगळा. टेकचंही तसंच. त्याच्यापुढं काय उभं आहे, ते आधी बघ.” पुढं शाळा सुटली, बापाचा धंदा मी धरला, रुमालाखाली जन्म गेला. इंग्रजीतलं तेवढंच राहिलं.

आज दुपारी दारापुढच्या ओट्यावर बसून मी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला आणि नातीला खुणेनं बोलावलं. तिला जादू वाटली असावी. तिनं हात आत घातला. एवढुसा, केळं खाल्ल्यानं चिकट झालेला. मी तिचं एक बोट हळूच दाबलं आणि म्हणालो, टेक. ती खुदकन हसली. मग माझ्याकडे बघत तिनं विचारलं, “टेक व्हॉट?” गुरुजी, मी पुढं बघितलं. रिकामा ओटा, आणि मी. तिनं वाट बघितली, माझी दोन बोटं घट्ट दाबली आणि पळून गेली. तिनं काय भाव सांगितला, कोण जाणे. एवढ्या वर्षांच्या दलालीत असं कधी झालं नव्हतं.

आता त्यांच्या बॅगा दाराशी भरून ठेवल्या आहेत. हे लिहिलेलं घडी करून त्याच रुमालात ठेवीन, पाठवणार कुठं? सगळा दोष मी इंग्रजीवर घालत होतो. पण पुन्हा कधी येणार, हे लेकीला मराठीत विचारता आलं असतं. सकाळपासून दोनदा तिच्याजवळ गेलो, आणि दोन्ही वेळा चहाच मागितला.