जवाचं पाणी आणि अहल्याक्कांच्या इडल्या

चामराजपेट, बंगळूर
चैत्र, १९६२

तीर्थस्वरूप उमाकांतराव यांना धाकटा मेहुणा उपेंद्र याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि कॉलेजातली तुमची प्रयोगशाळा ठीक असावीत (तिन्हींपैकी आज मला प्रयोगशाळेची काळजी जास्त आहे; का ते पुढे येईल). इकडे सर्व क्षेम, म्हणजे हे पत्र पेटीत पडेपर्यंत तरी डोक्यावर छप्पर आहे.

हे छप्पर भीमाचार्यांचं. निवृत्त हेडमास्तर, मोठे कर्मठ. कांदा, लसूण, अंडं घरात येणार नाही या अटीवर त्यांनी वरचा मजला आम्हाला दिला. बीअरचा उल्लेख अटीत नव्हता, पण तो त्यांच्या कल्पनेतच नसावा. आमच्या कारखान्यातले कँटोन्मेंटचे फोरमनसाहेब ती घरी करतात. जवाचं पाणी नुसतं ठेवून दिलं की आपोआप उकळल्यासारखं कसं बुडबुडतं, हे ऐकल्यापासून मला चैन पडेना. पिण्याचा मोह म्हणाल तर नव्हता (बरं, थोडा होता). पण असं होतं तरी कसं, हे डोळ्यांनी पाहायचं होतं.

पहिली पायरी जवाला मोड आणण्याची. मोड म्हटल्यावर तुमच्या भगिनीला कोण थांबवणार! साहेब म्हणाले होते, मोड डोकावले की जव वाळत घाला. शुभदाने ते मटकीसारखे फडक्यात बांधून बोटभर लांब होऊ दिले आणि मी कारखान्यातून येईपर्यंत खोबरं घालून उसळ केली. आम्ही ती खाल्ली. चावता चावता माझी कानशिलं दुखली.

दुसऱ्या खेपेला मी जवाजवळ स्वतः पहारा केला. मग ते वाळवले, भाजले, भरडले, गरम पाण्यात मुरवून गाळले. कडवटपणासाठी साहेबांचा विलायती पाला कुठे मिळेना, म्हणून ते पाणी कडुनिंबाची फुलं टाकून उकळलं आणि निवल्यावर बेकरीतलं यीस्ट घालून लोणच्याच्या बरणीत भरलं. दुसऱ्या सकाळी बरणीला कान लावला, तर आत कुणीतरी कुजबुजत होतं. उमाकांतराव, खरं सांगतो, एवढा आनंद मला मॅट्रिक पास झाल्यावरही झाला नव्हता.

मात्र फेस मावेना. रविवारी सकाळी तो उतू जाऊन फळ्यांच्या फटीतून थेट खाली, वर्तमानपत्र वाचत बसलेल्या भीमाचार्यांच्या टकलावर ठिबकला. ते वर आले, मागोमाग त्यांच्या पत्नी अहल्याक्का. गेलं बिऱ्हाड, असं मनाशी म्हणत मी बरणीपुढे उभा राहिलो. तेवढ्यात शुभदा म्हणाली, "दोशाचं पीठ उतू गेलं हो."

अक्कांनी मला बाजूला सारून बरणीत डोकावलं. "अय्यो, एवढं पातळ? रागी घातलीस काय गं?"

"हो," मीच म्हणालो.

"पुण्याची पोर, तिला काय ठाऊक! पण फुगलंय बरीक छान. सरी, असू दे, टाकू नको. मी तांदूळ नि उडीद वाटून ह्यात घालते, इडलीला होईल." आणि बरणी काखेत मारून त्या जिना उतरल्या. ओरडावं तर घर जातं, गप्प बसावं तर बीअर जाते. बीअर गेली.

सोमवारी खालून डबा आला. असल्या मऊ इडल्या मी जन्मात खाल्ल्या नाहीत. किंचित कडसर लागल्या, पण भीमाचार्यांच्या मते ते पित्ताला उत्तम. अक्का आता रोज त्यातलंच थोडं पीठ विरजणाला राखून ठेवतात.

तुमचा आज्ञाधारक,
उपेंद्र

ता.क. शनिवारी अक्कांच्या नातीचं बारसं आहे. सगळी आळी त्याच विरजणाच्या इडल्या खाणार. तुम्ही रसायनाचे प्राध्यापक. वाफवल्यावर मद्याचा अंश उडून जातो ना? जात असेल तर "इडली सोवळी" एवढीच तार करा. जात नसेल तर कृपा करून काहीच कळवू नका.

आणखी ता.क. आत्ताच अक्का सांगून गेल्या, आज भीमाचार्यांनी तिसऱ्यांदा मागून घेतल्या. "बीअर कशी लागली?" म्हणून फोरमनसाहेब रोज विचारतात. ते उत्तर भीमाचार्यांपाशी आहे, आणि त्यांना विचारायची माझी छाती नाही.