टोपीवरचं दुसरं दार

४ नोव्हेंबर, बोखुम
आली एकदाची. व्हीब्के. म्युन्स्टरहून, तीन महिन्यांसाठी आमच्या लॅबमध्ये. पहिल्याच दिवशी लॅबच्या फ्रीजमधल्या माझ्या यीस्टच्या डब्यांवर नवी नावं चिकटवली! वर म्हणते, "वाचताच येत नव्हती गं." न येऊ दे. यीस्ट माझं, अक्षर माझं.

७ नोव्हेंबर
अठ्ठावीसला माझा पीएचडीचा व्हायव्हा. तो झाला की लॅबवाले हाताने बनवलेली टोपी डोक्यावर चढवणार, आमच्याकडची रीतच. मला कळू नये म्हणून सेंट्रिफ्यूजमागे लपवलीय, आणि पुठ्ठ्याचे कपटे थेट माझ्या टेबलापर्यंत! हळूच पाहिली. गोल यीस्टपेशी, आत पेरॉक्सिझोम, म्हणजे चरबी जाळणारी कोठडी, तिला दोन दारं. दुसरं सोनेरी. ते माझं, मी शोधलेलं. चार वर्षं घातलीत त्याच्यात.
तेवढं एक बरं केलंय मूर्खांनी.

११ नोव्हेंबर
सेमिनार. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: प्रथिनाच्या शेपटाला पत्ता असतो, हमाल प्रथिन तो वाचतं आणि त्याला कोठडीत पोचवतं. मी पत्ता छाटला, प्रथिन कुठे जातं ते दिसावं म्हणून हिरवा दिवा जोडला, यीस्टला तेलावर पोसलं — तरी प्रथिन आत! म्हणजे दुसरं दार आहे. माझे गाईड प्रोफेसर तेरहोर्स्ट असे हसत होते की जणू त्यांनीच शोधलंय. त्यांना धड पिपेट धरता येत नाही.
व्हीब्केने हात वर केला. "पेशीतलं मूळ, पत्ता असलेलं प्रथिन काढलं होतंस?"
"कशाला?"
"ही प्रथिनं जोडीने राहतात ना? हमाल जोडी आहे तशी उचलतो. एकाकडे पत्ता असला की दुसरं फुकटात आत."
तेरहोर्स्ट म्हणाले, "म्युन्स्टरला पाऊस थांबत नाही. घरात बसून माणसाला काहीही सुचतं." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने.

१२ नोव्हेंबर
उंटावरून शेळ्या हाकणारी बाई.

१४ नोव्हेंबर
कँटीनमध्ये समोर येऊन बसली. "त्या प्रथिनाचं मूळ जनुक उडवलेलं यीस्ट होतं माझ्याकडे. तुझ्या डब्यात ठेवलंय. कुणाला बोलले नाहीये."
"उपकार झाले."
मसुराचं सूप तसंच टाकून उठले. घाबरले की काय मी? छे.

१८ नोव्हेंबर
तिचं तोंड कायमचं बंद करायचं म्हणून तिच्याच यीस्टमध्ये माझं पत्ता छाटलेलं प्रथिन घातलं, तेलावर ठेवलं. उद्या दाखवते कोठड्यांतले हिरवे ठिपके.

१९ नोव्हेंबर
ठिपके नाहीत. अख्खी पेशी फिकट हिरवी. प्रथिन कोठडीबाहेरच.
तेल खराब असणार. पण त्याच तेलावर माझं जुनं यीस्ट — ठिपके टपोरे.

२० नोव्हेंबर
पुन्हा केलं. नाहीत. म्हणजे दुसरं दारच नाही. तेरहोर्स्टना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "अठ्ठावीसपर्यंत गप्प बसा. परीक्षकांना काय कळतंय? आणि ती फेब्रुवारीत जातेच आहे."
अगदी हेच मी सकाळपासून मनात घोळवत होते. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि किळस आली. त्यांची, आणि माझीही.

२१ नोव्हेंबर
सेंट्रिफ्यूजमागून टोपी काढली, सगळ्यांदेखत. सोनेरी दार माझ्या हाताने डिंक लावून बंद केलं. व्हीब्केने पहिल्या दारात पुठ्ठ्याच्या दोन प्रथिनांची जोडी उभी केली, हातात हात. अठ्ठावीसला पास करोत न करोत, मी हेच सांगणार आहे.