गाळाचे डोहाळे

४ नोव्हेंबर
आले एकदाची नागपूरला! नंदनवन भागातली खोली हवेशीर आहे आणि घरमालकीण अनुसयाबाई फारच प्रेमळ. पाचवा महिना चाललाय म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातातली बॅगच हिसकावून घेतली. भूपेश उमरेडच्या खाणीत असतो, तो फक्त रविवारी येणार. नवरा असून नसल्यासारखा, असं मी त्याला फोनवर चिडवलं.

६ नोव्हेंबर
प्रयोगशाळेतलं नव्या नोकरीचं काम आवडलं. कारखान्यांच्या खालच्या अंगाला नदीतला गाळ काढतात. तो इथे वाळवायचा, कुटायचा, चाळायचा आणि त्यात शिसं किती ते मोजायचं. माझी अवस्था पाहून सुमंत सरांनी मला फक्त वजनं आणि नोंदी दिल्या, त्याही मास्क लावून. पण गाळाची बरणी उघडली तेव्हा फुटाण्यांसारखा खमंग वास आला. तोंडाला चक्क पाणी सुटलं! मलाच हसू आलं.

११ नोव्हेंबर
वास डोक्यातून जात नाही. अनुसयाबाई म्हणाल्या, "अवं, पोटुशा बाईले मातीचे डोहाळे लागतेतच. म्याबी चुलीची माती खाल्ली, मले काय झालं?" कुठली माती, ते मी त्यांना सांगितलं नाही.

१५ नोव्हेंबर
खाल्ला. चिमूटभरच. त्या बरणीतल्या शिशाचा आकडा मीच नोंदवला होता. कळतं पण वळत नाही, ते हे. लाज वाटते लिहायलासुद्धा.
पण जिभेवर ठेवला आणि बाळ हललं. पहिल्यांदाच.

१९ नोव्हेंबर
चार दिवस गाळ तोंडाला लावला नाही. फुटाणे, लोणचं, बर्फ, सगळं खाऊन झालं. बाळ गप्प. आज पुन्हा चिमूट घेतली. लगेच लाथ.

२१ नोव्हेंबर
डॉक्टर मेघाताईंना रडत सगळं सांगितलं. रक्त घेतलं. आता एक कणही नको, शिसं थेट बाळात उतरतं, म्हणाल्या. सरांना सांगून रजा घेतली. भूपेशची शपथ घेतली.

२४ नोव्हेंबर
हालचाल नाही. सोनोग्राफी केली. ठोके आहेत, पण मंद. मेघाताईंनाही कारण कळेना. दवाखान्यात दाखल व्हा म्हणतात. खाणीतून रजा टाकून आलेला भूपेश माझा हात सोडत नाही. मला कारण माहीत आहे, बाळाला गाळ हवाय — पण कोण ऐकेल —

२५ नोव्हेंबर, सकाळ
ठोके आणखी कमी. भूपेश कागद भरायला गेला. मी दवाखान्यातून निसटले. रिक्षा मिळाली —

दुपार
नदी. वही पर्समध्येच होती. गाळ काळा, मऊ. खाल्ला तर बाळ मरेल. नाही खाल्ला तर —
एकच बोट. शेवटचं.

हललं. देवा, जिवंत आहे —

बाळ थांबत नाही. एक ओंजळ खाऊन झाली तरी लाथा — अजून हवंय त्याला — पोट दुखतंय —
बाळा, पुरे. यानं तू मरशील रे. आई सांगते ना, पुरे, आता पु