उपाशी वाकळ

८ जानेवारी १९९८, वाशी
गोजरे, काल काय जेवलीस ते तुला आज आठवत नाही, म्हणून रोजच्या रोज लिहवून घेते. अशी विसरभोळी धाकटी बहीण माझ्याच वाट्याला! अक्षर नातीचं, वैष्णवीचं, जीभ माझी. पोरगी एकटी राहते, म्हणून आले. घर झकास, गॅलरीत भरपूर ऊन. तुझ्या जुन्या लुगड्यांची वाकळ तिच्यासाठी शिवायला घेतलीय. संध्याकाळी लवकर येत जा म्हटलं, तर मान हलवली.

१० जानेवारी
लवकर कसली येते! तुर्भ्याच्या प्रयोगशाळेत माझी सवत बसलीय, काचेच्या ताटलीत. पेशी म्हणे. डोळ्याला दिसत नाही, पण थाट बघ: उबदार कपाट, वेळेवर जेवण. वैष्णवी सांगते, पेशीच्या आत ॲक्टिनचे धागे असतात. मण्याला मणी लागून एका टोकाला वाढतात, दुसऱ्या टोकाला उसवतात, आणि त्यांच्या जोरावर पेशी सरकते. त्यांना धाकात ठेवतात प्रथिनं: एक धागा सुरू करून देतं, एक कापतं, एक टोकाला टोपी घालून वाढ थांबवतं. हिनं टोपीवालंच काढून टाकलंय, काय होतं ते बघायला! म्हटलं, बाई, आम्ही त्याला गाठ म्हणतो, आणि गाठ न मारणारीला अजागळ. पोरगी लिहिताना हसतेय. हस.

१४ जानेवारी, संक्रांत
गुळाची पोळी तव्यावर, आणि ही चपला घालते. पेशींना खायला घालायचंय म्हणे! आज वाकळीचं पोट भरायचं होतं, मधल्या ठिगळाखाली तू बांधून दिलेल्या भाकरीचा घास ठेवून. उपाशी वाकळ पांघरणाऱ्यालाच खाते, हे आईनं शिकवलेलं तरी आठवतंय का तुला? घास हातात होता. चिमण्यांना टाकला. ठिगळ रिकामंच शिवलं, दोऱ्याला गाठही मारली नाही. तिच्या पेशी जेवू देत. माझी वाकळ उपाशी राहो आणि हिला घरात धरून ठेवो. वैष्णवी म्हणते, आजी, किती जळशील!

१७ जानेवारी
खुर्चीवरची वाकळ सकाळी तिच्या पलंगाशी. एका कडेला धावदोरा नवा, माझ्या हातचा नव्हे. दुसरी कड उसवलेली. वैष्णवी बराच वेळ बघत राहिली. कामावर गेली नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं.

१८ जानेवारी
वाकळ वैष्णवीच्या पायांवर चढलीय. सुटत नाही. शेजारच्या दुर्गाबाईंनी ओढली, तर त्यांच्या पदरात टाका शिरला — पदर फाडून पळाल्या. मी कात्री घेतली. कापलेलं प्रत्येक टोक वाढायला लागलं. वैष्णवी ओरडली, नुसतं कापू नकोस, गाठी मार — मारते — टोकं फार — माझी बोटं —

१९ जानेवारी
ठिगळ उसवून पाव घातला. वाकळीनं बाहेर टाकला. लुगडी तुझी — घास तुझ्याच चुलीचा हवाय तिला. वैष्णवीचा उजवा हात तेवढा मोकळा, त्यानंच लिहितेय. जाऊ दे गं तिला ताटलीकडे, रोज जाऊ दे — मी नाही म्हणणार नाही — गोजरे, एवढं विसरू नकोस — आपल्या गावचा नामदेव भाजी घेऊन इथल्या मार्केटला येतो, त्याच्या गाडीवर भाकर धाड — बाजरीची, भोगीसारखी तीळ लावून — अख्खी — मनगटाशी आली — लोणी नको, नुसती भाक